दिवसा उपचार, रात्री घर



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या चोपडा नगरीत आपण आरोग्य कार्यकर्त्यांचं संमेलन भरवलंत आणि त्याचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. अध्यक्षानं सगळ्या विषयांना स्पर्श करावा अशी रीत आहे. मी मात्र आज एकाच विषयावर बोलणार आहे, कारण त्यावर आपल्या भागात कुणी फारसं बोलत नाही. खाण्याच्या विकारातून, म्हणजे इटिंग डिसऑर्डरमधून, बाहेर पडू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी तालुक्याच्या गावी डे केअरची सोय हवी, हा तो विषय.

आपला मुलूख आग्रहानं जेवू घालणाऱ्यांचा आहे. भरीत-पुरी असो की वरणबट्टी, पाहुणा ‘पुरे’ म्हणाला तरी आपण वाढतोच. अशा घरात एखादी मुलगी ताटावरून उठून जायला लागली की आईबापांना काय करावं तेच कळत नाही. “पोर काहीच खास नही,” असं सांगत आई ओपीडीत येते, तोवर बरेच महिने गेलेले असतात. मधल्या काळात सोनोग्राफी झालेली असते, एंडोस्कोपी झालेली असते, दृष्ट काढून झालेली असते, कधी भगताकडेही जाऊन झालेलं असतं. चतुर्थी, सोमवार, नवरात्र असे उपवास वाढत गेले, तेव्हा पोर देवाधर्माची आहे म्हणून घरानं कौतुकच केलेलं असतं. लग्नाला आलेल्या मुलीचं वजन उतरलं तर नातेवाईक ‘बरं झालं’ म्हणतात. दुसरीकडे भरपूर खाऊन मग गुपचूप उलटी करणारी मुलगी वरून धडधाकट दिसते. तिच्या दातांचं झिजलेलं आवरण आणि रक्तातलं घटलेलं पोटॅशियम कुणी पाहिलेलंच नसतं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत, पण त्यांच्याबाबत हा प्रश्न विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

हा आजार श्रीमंत शहरांचा किंवा मोबाइलनं आणलेला, असा समज आहे. पण लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या लासेग या डॉक्टरांनी अन्न नाकारणाऱ्या तरुण मुलींची वर्णनं 1873 मध्येच मांडली होती. आपल्याकडे दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी 1995 मध्ये पाच तरुणींची हकीकत प्रसिद्ध केली. त्या जेवत नव्हत्या, उलट्या करत होत्या, झपाट्यानं वाळत होत्या, पण ‘मी जाड आहे’ हा पाश्चात्त्य पुस्तकांतला ध्यास त्यांच्यात दिसत नव्हता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं 2007 मध्ये मुलांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यातही मानसिक कारणानं होणाऱ्या उलट्यांचे रुग्ण सर्वांत जास्त होते. म्हणून माझं आपल्याला सांगणं आहे की आपली मुलगी ‘मला बारीक व्हायचंय’ असं म्हणेल याची वाट पाहू नका. ती म्हणेल, पोट फुगतं, घास वर येतो, भूकच मेली.

अशा मुलीला समजावून, रागावून, शपथा घालून का उपयोग होत नाही? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण एक चतुर्थांश उतरलं. पण त्याहून मोठा बदल मनात झाला. ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. पोटभर अन्न पुन्हा सुरू झाल्यावरही मन ताळ्यावर यायला अनेक महिने लागले. उपासमार स्वतःच मन आजारी करते. म्हणून या आजारात आधी ताट, मग उपदेश. आणि ताटाशी रोज कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

डे केअर म्हणजे हे शेजारी बसणंच. मुलगी सकाळी येते. तिची नाडी, रक्तदाब, वजन पाहतात. नाश्ता, जेवण, दुपारचं खाणं ठरल्या वेळी, सगळ्यांबरोबर एका पंगतीत. परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ तेच जेवण तिच्यासोबत जेवते. जेवणानंतरचा तास सगळ्यांत अवघड. पोटात अन्न आहे ही भीती तेव्हा अंगावर येते, उलटीची ओढ लागते. तो तास गप्पांत, विणकामात, गटाच्या बैठकीत पार पाडतात. मग समुपदेशन, आठवड्यातून काही वेळा आईवडिलांची बैठक, स्वयंपाकघरात स्वतःच्या हातानं भाकरी थापून ती खाण्याचा सराव. संध्याकाळी मुलगी घरी जाते आणि रात्रीचं जेवण घरच्या माणसांत जेवते. दिवसा शिकलेलं रात्री घरात टिकतं का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलनं 1980 च्या दशकात असं केंद्र चालवून दाखवलं. जर्मनीत 172 मुलींवर झालेला आणि 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की तीन आठवडे रुग्णालयात ठेवल्यावर ज्यांना दिवसाच्या उपचारावर आणलं, त्यांची प्रकृती वर्षभरानं दाखल राहिलेल्यांपेक्षा मागे नव्हती. खर्चही कमी आला.

एक इशारा मात्र ठामपणे देते. नाडी पन्नासच्या खाली गेलेली, चक्कर येऊन पडणारी, पोटॅशियम घसरलेली किंवा जीव द्यायचे विचार बोलून दाखवणारी मुलगी डे केअरची नव्हे, तिला दाखलच करायला हवं. आणि फार दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम भरपेट जेवू घालू नये. रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि हृदय धोक्यात येतं. चढतं अन्न डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवं.

हे चोपड्याला जमेल का? माझ्या मते आपल्याला यातलं निम्मं आधीच येतं. आपल्या अंगणवाड्यांत भरणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात तीव्र कुपोषित मूल दिवसा येतं, ठरल्या वेळी थोडं थोडं खातं, त्याचं वजन नोंदवलं जातं आणि रात्री ते आईच्या कुशीत झोपतं. सातपुड्यातल्या पाड्यांवर हे काम केलेल्या सेविका आज या सभागृहात बसल्या आहेत. मनाच्या आजारासाठी काम उभं करणारी माणसंही आपल्यातच झाली. धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि ‘देवराई’ चित्रपटामागेही ते उभे राहिले. घरच्या दुःखाचं सार्वजनिक काम करण्याचा खानदेशी धडा त्यांनी घालून दिला आहे.

कुणी विचारेल, जिथं लेकरं अन्नावाचून वाळतात तिथं अन्न नाकारणाऱ्यांचे हे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. पण उपाशी हृदय घरची गरिबी-श्रीमंती पाहून थांबत नाही. आणि स्वयंपाकघर, वजनकाटा, प्रशिक्षित परिचारिका ही एकच व्यवस्था दोन्ही मुलांच्या उपयोगी पडते.

म्हणून तीन मागण्या मांडते. पहिली, उपजिल्हा रुग्णालयाच्या आधारानं तालुक्याला दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर मिळावं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर तिथं ठरल्या वारी यावेत. कारण राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी मनोरुग्णालयं खानदेशाबाहेर आहेत. दुसरी, केंद्राची वेळ एसटीच्या वेळापत्रकावर बांधावी. अडावदची, लासूरची, वैजापूरची मुलगी उजेडात येऊन उजेडात परत पोचली पाहिजे. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, सोबत येणाऱ्या वडिलांनाही सवलत द्या. तिसरी, 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा विम्यात शरीराच्या आणि मनाच्या आजाराला समान वागणूक द्यायला सांगतो. मग विम्याची चोवीस तास दाखल असण्याची अट दिवसाच्या उपचाराच्या आड येऊ नये.

शाळांतल्या शिक्षकांनो, डबा न उघडणाऱ्या मुलीची नोंद घ्या. आशाताईंनो, लांबलेल्या उपवासाबद्दल आणि थांबलेल्या पाळीबद्दल हळुवार विचारा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, तो घराघरांत पोचवा. आणि डॉक्टर मित्रांनो, ‘काही नाही, नाटक करते’ हे वाक्य आजपासून केसपेपरवरून आणि तोंडातून कायमचं काढून टाका. हा आजार जीव घेतो आणि वेळेवर उपचार झाले तर बराही होतो. पहिलं केंद्र चोपड्यात सुरू करण्याचा ठराव आपण याच संमेलनात मंजूर करावा, अशी माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे.