कुत्रा सोडण्यापूर्वी

पोलिसांचा कुत्रा म्हटले की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे येतो तो माग काढणारा. चोरट्याची वस्तू हुंगून तो पुढे, आणि मागे गावातली निम्मी पोरे! अमेरिकेत मात्र त्याच्याकडून आणखीही एक काम करून घेतात. लपलेल्या माणसाला दातांत पकडायचे आणि हुकूम होईपर्यंत सोडायचे नाही. माणूस सापडला की नुसते भुंकावे, असेही शिक्षण काही ठिकाणी देतात; पण पहिली रीतच अधिक रूढ.

मिनेसोटा राज्यातल्या मिनेटोंका गावी १९९९ साली एका रात्री पोलिसांनी एक मोटार अडवली. गुन्हा काय, तर दिव्यांचा झोत खाली केला नाही. चालक गाडी टाकून दलदलीकडे पळाला. सुमारे अर्ध्या तासाने कुत्र्याने त्याला उंच गवतात गाठले. "बाहेर ये, नाहीतर कुत्रा धरील," असे कुणी ओरडले नाही. दात मांडीत रुतले, मोठी रक्तवाहिनी फुटली. २००३ साली अपील न्यायालय म्हणाले, की इशारा न देता, शरण येण्याची संधी न देता असा कुत्रा वापरणे अवाजवी होते, असे ज्यूरी ठरवू शकेल. अधिकारी व्यक्तिशः सुटले. नगरपालिकेवरचा दावा मात्र उभा राहिला.

आता पोलिसांचीही बाजू ऐका. अंधारात ओरडावे तर आपली जागा कळते, आणि समोरून गोळी आली म्हणजे? हे काही खोटे नाही. न्यायालयानेही अपवाद मानला आहे. पण प्रत्येक रात्र काही अपवादाची नसते.

मला मात्र मेरिलंडमधली १९९५ सालची हकीकत अधिक बोलकी वाटते. घरफोडीचा संशय आला म्हणून पोलीस आले आणि चोर शोधायला त्यांनी घरात कुत्रा सोडला. आत त्या घरातलीच एक बाई झोपली होती. कुत्र्याने तिचे डोकेच धरले. हाक दिली होती की नाही, यावर वाद झाला. १९९८ साली अपील न्यायालयाने बजावले, की इशाऱ्याविना कुत्रा सोडणे अवाजवी, हे १९९५ सालीही स्पष्टच होते.

म्हणजे इशारा केवळ चोरासाठी नाही. चोर कोण आणि घरधनीण कोण, हे कुत्र्याला कसे कळावे?

आणि ती हाक तरी कशी हवी? दारातून ओरडायचे आणि दुसऱ्याच क्षणी साखळी सोडायची, ही काही हाक नव्हे. झोपलेल्याला जाग यायला, घाबरलेल्याला हात वर करून बाहेर यायला वेळ लागतो.