आल्या दिवशीची विचारपूस



या बीदर शहरात 1472 साली मदरसा उभारणाऱ्या बहमनी वजीर महमूद गवानाला 1481 मध्ये एका बनावट पत्रावरून ठार मारण्यात आले. चौकशी झालीच नाही. आज चौकशी आहे, न्यायालये आहेत. तरी 2022 च्या अखेरीस देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही असे. त्याच वर्षी तुरुंगांत 119 जणांनी आत्महत्या केल्या.

आत येणाऱ्याला पहिले काही दिवस फार जड जातात. अब्रू गेलेली, घरची काळजी, आणि रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटलेली. दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, आणि बराकीत त्याला ढोंगी ठरवले जाते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांनी मानसिक ताण, आत्महत्येचा धोका आणि व्यसन तुटल्याची लक्षणे शक्य तितक्या लवकर तपासायला सांगितले. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बेंगळूरुच्या मध्यवर्ती कारागृहात 5,024 कैद्यांचा अभ्यास केला. व्यसने बाजूला ठेवूनही 27.6 टक्क्यांत मनोविकार आढळला.

आपला 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दर तिमाहीस दाखला मागतो: येथे एकही मनोरुग्ण कैदी नाही. नीट विचारलेच नाही, तर हा दाखला देणे किती सोपे! आमच्या जिल्ह्यात तर कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू आणि लंबाणी बोलणारी माणसे राहतात. औराद-भालकीच्या मराठी माणसाला "झोप लागते का? जीव द्यावासा वाटतो का?" हे न कळणाऱ्या भाषेत विचारले, तर तो मान हलवेल आणि कागदावर सारे ठीक दिसेल.

या परिषदेकडून माझे मागणे एकच आहे. राज्यांच्या सरहद्दीवरील कारागृहांसाठी या पाच भाषांतली छोटी प्रश्नावली तयार व्हावी, ती पहिल्याच दिवशी विचारली जावी, आणि विचारणारा खाकी वर्दीत नसावा. "होय" असे उत्तर आले, तर पुढे कोणत्या डॉक्टरकडे पाठवायचे तेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.

परिषदेच्या व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या; चर्चेत मात्र कुणी कुणाला सांभाळून घेऊ नये.