दृढीकरणानंतरचा रविवार



दृढीकरणाचा दिवस आपल्या वसईत थाटात होतो. बिशप येतात, कपाळाला पवित्र तेल लावतात, धर्मपिता खांद्यावर हात ठेवून मागे उभा राहतो, घरी जेवणावळ उठते. थोड्याच दिवसांत तो मुलगा मिस्साच्या वेळी शेवटच्या बाकावर दिसतो, नाहीतर आवारात मोटारसायकलला टेकून. मग आपण म्हणतो, मोबाइलनं बिघडवलं. या निदानात आपल्याकडे काहीच दोष येत नाही, म्हणून ते आपल्याला आवडतं.

खरं तर दहावीच्या वर्षी फादरांकडे कोण गेलं होतं? ‘यंदा क्लास आहेत, धर्मशिक्षणाचं नंतर बघू.’ श्रद्धा टाळता येते, ट्यूशन नाही, हा धडा पोरानं आपल्याकडूनच घेतला. शिवाय धर्मशिक्षणात आपण उत्तरं पाठ करून घेतो आठव्या-नवव्या वर्षी. ज्यांची ती उत्तरं, ते प्रश्न पडतात सोळाव्या वर्षी. तेव्हा वर्ग संपलेला असतो.

रोमला ऑक्टोबर २०१८ मध्ये तरुणांविषयी बिशपांची सिनड भरली. त्याआधी मार्चमध्ये सुमारे तीनशे तरुणांना बोलावून त्यांचं ऐकून घेतलं होतं. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांचं ‘ख्रिस्तुस व्हिव्हित’ हे तरुणांना उद्देशून लिहिलेलं पत्र आलं. काही तरुणांना चर्चची कटकट वाटते, हे त्यांनी त्यात सरळ लिहिलंय. आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये असं वाक्य कुणी उच्चारलं तर इतिवृत्तात तरी येईल का?

आता जरा अवघड विषय. मुलगी आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवण टाकते, खोलीबाहेर येत नाही. आपण म्हणतो, रोझरी कर. रोझरी जरूर करावी, आईनं शेजारी बसून करावी. पण डॉक्टरकडेही न्यावं. तिची श्रद्धा कमी पडली असं तिला कुणी सांगू नये. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघा, ते अंधारातच संपतं. शेवटी दिलासा नाही, आभार नाहीत. तरी ते बायबलात आहे, म्हणजे तशी प्रार्थनाही प्रार्थनाच. अशी निराशा म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे, हे समजायला चर्चलाही वेळ लागला. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता; १९८३ च्या संहितेत ते कलम उरलं नाही. जुनी कुजबुज मात्र मयताच्या घरापुढे अजून चालते, आणि शेजारची पंधरा वर्षांची मुलं ती ऐकत असतात.

युवा गट चालवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नका. प्रायश्चित्त संस्कारातली गुप्तता धर्मगुरूची, ती तुमची-माझी नव्हे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा. पॅरिशची अब्रू हा बचाव तिथे चालत नाही, आणि चालूही नये. मुलाला आधीच सांगावं, ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मी मदत मागणार, आणि ती मागताना तुझ्यासोबत असणार.’ टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. सूचनाफलकावर मयताच्या मिस्सांच्या यादीशेजारी तो लावायला कुणाची परवानगी लागू नये.

बाकी युवा गटाला आपण गाणी देतो, नाताळचा गोठा देतो, फेस्ताच्या खुर्च्या उचलायला देतो. काम द्यावंच, त्यानं मुलं टिकतात. पण बैठकीची पहिली वीस मिनिटं विषयपत्रिकेविना ठेवा, आणि त्या वेळात मोठ्यांनी कुणाला दुरुस्त करू नये. फादरांनीसुद्धा.