‘आपल्याला काय करायचंय?’

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आज मी नवऱ्यांबद्दल बोलणार नाही, स्वतःबद्दल बोलणार आहे.

आमच्या चाळीत भिंतीपलीकडे एक जोडपं राहायचं. रात्री भांडी आदळल्याचे, मग तिच्या रडण्याचे आवाज यायचे. मी मोर्चात घोषणा देणारी बाई. पण त्या रात्री उठून मी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हटलं, नवराबायकोचं भांडण, आपल्याला काय करायचंय? सकाळी नळावर तिचा सुजलेला गाल दिसला. मी हंडा भरून निघून आले. वर्षभरानं ती मुलाला घेऊन माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, “ताई, तुम्हाला ऐकू यायचं ना?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सबबी मात्र होत्या.

सबबी सगळ्यांजवळच असतात. नवरा म्हणतो, दारूत हात उठला. तो मुकादमावर कसा उठत नाही? सासू म्हणते, आम्हीही सोसलं. पोलीस म्हणतात, घरगुती मामला, मिटवून टाका. आणि शेजारीण म्हणते, तीच तक्रार करत नाही, तर मी कोण?

ही शेवटची सबब माझी होती. १९८३ साली कलम ४९८-अ आलं, तेव्हा तिला थोडा आधार होता. त्या कलमाखाली तक्रार करायची ती प्रामुख्यानं तिनं किंवा तिच्या नातेवाइकांनी. पण कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचं कलम ४ सांगतं की हिंसा होते आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्याबद्दल दावा किंवा खटला होऊ शकत नाही. माझ्या घरातला तो आवाज त्यानंतरचा आहे. म्हणजे कायदा होता, मी नव्हते.

भीती खोटी नसते. त्याच चाळीत आपल्यालाही राहायचं असतं. म्हणून एकटीनं जाऊ नका, चौघीजणी जा. दार वाजवा, साखर मागायच्या निमित्तानं का होईना. मारहाण चालू असेल तर ११२ ला फोन करा. नंतर तिला एकटीला गाठून विचारा, तुला काय हवंय? निर्णय तिचा. पण ‘ऐकू आलं’ हे सांगणं आपलं काम आहे.

तिच्या प्रश्नाला आज उत्तर देते: हो, मला ऐकू यायचं.