शिकवणी लावली, पुढे काय?

श्रोतेहो, माझी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. पालक भेटले की प्रश्न ठरलेला, ‘गुरुजी, शिकवणी कुठं लावू?’ मी विचारायचो, ‘पोरगं वाचतंय का?’ बहुतेक जण गप्प. फी भरलेली असते, वही पाहिलेली नसते!

२००५ साली सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीत कार्यकर्ते घरी येऊन मुलापुढे दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात, ‘वाच’ म्हणतात. हे घरीही जमेल. एक आई म्हणाली, ‘मला अक्षर येत नाही, मी काय बघणार?’ म्हटलं, ‘ताई, रोज मोठ्यानं वाचायला लावा, गोष्टीत काय झालं ते विचारा. अडखळला तर कानाला कळेल.’ कळलंच. मुलगा चौथीत, शिकवणीला जाणारा. जोडाक्षर आलं की शब्द अंदाजानं ठोकून द्यायचा.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकांना खासगी शिकवण्यांची बंदी केली, आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या. पण समितीत येऊन सही करून जाणारेच फार. या बाई आल्या आणि अंगठा उठवण्याआधी म्हणाल्या, ‘चौथीतली किती पोरं न अडखळता वाचतात, तेवढं सांगा.’ त्या दिवशी बैठक दोन तास चालली.