इमारतीमागचा प्रश्न



स्नेहसंमेलन हा वास्तुकलेच्या वर्षभराच्या अभ्यासाचा आनंदसोहळा असल्याने त्या अभ्यासाच्या पायाविषयी, म्हणजे उभ्या असलेल्या इमारतीच्या विश्लेषणाविषयी, येथे बोलणे उचित ठरेल. केस स्टडी या नावाने होणारे हे काम पुष्कळदा छायाचित्रे आणि नकाशे जमवण्यावरच थांबते. वास्तविक चांगली इमारत हे एखाद्या प्रश्नाचे उत्तर असते आणि तो प्रश्न सापडल्याशिवाय विश्लेषण पुरे होत नाही.

चार्ल्स कोरिया यांनी रचलेली आणि 1983 मध्ये पूर्ण झालेली मुंबईतील ‘कांचनजंगा’ ही 32 सदनिकांची उंच इमारत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. मुंबईत वारा आणि समुद्राचे दृश्य पश्चिमेकडून लाभते, परंतु दुपारचे ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून हा पेच सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा कोपऱ्यात खोल घेतलेल्या, दोन मजले उंचीच्या बागेच्या रूपाने उंचावर नेला.

हे उत्तर केवळ प्लॅनवरून, म्हणजे मजल्याच्या आडव्या कापावरून, उलगडत नाही. सुमारे 21 मीटर बाजूचा चौरस आणि त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे 84 मीटर, उंची एवढेच कळून भागत नाही, तर सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली आहे असे मानून काढलेले चित्र, स्वतः रेखाटावे लागते. तेव्हाच एकमेकांत गुंतलेल्या घरांच्या पातळ्या दिसतात आणि मधला काँक्रीटचा गाभा वाऱ्याचा व भूकंपाचा आडवा जोर पेलत असल्यामुळे कोपरे मोकळे ठेवता आले, हेही ध्यानात येते.

म्हणून विश्लेषण हवामान आणि जागेपासून सुरू करून सेक्शन, सांगाडा आणि अखेर प्रत्यक्ष वापर या क्रमाने करावे. रहिवाशांनी बंद करून घेतलेली बाल्कनी हाही अशा अभ्यासात महत्त्वाचा पुरावा असतो. विश्लेषणातून आकार नव्हे, तर कारण आणि रचना यांचा संबंध उचलायचा असतो, कारण नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात प्रश्नच बदलतो आणि मुंबईचा कोपरा तेथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एक तरी घर टेप घेऊन मोजावे, त्याचा सेक्शन काढावा आणि त्यामागचा प्रश्न एका वाक्यात लिहावा. पुढील वर्षीच्या डिझाइनला त्यातून भक्कम आधार मिळेल.