सवलत कोणाला, जोखीम कोणाची?



विजेवर चालणाऱ्या दुचाकीचे स्वागत करणाऱ्यांपैकी मी आहे. नालासोपाऱ्याहून वालीवच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला पेट्रोलचा भाव परवडत नाही. घरोघर जिन्नस पोचविणाऱ्या तरुणाचीही तीच अवस्था आहे. त्यांना स्वस्त वाहन मिळाले, हे चांगलेच झाले. प्रश्न आहे तो या वाहनासाठी केलेल्या कायद्याचा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी एक रेषा आखली आहे. ज्या दुचाकीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, ती कायद्याच्या लेखी मोटार वाहन नव्हेच. तिला नोंदणी नको, विमा नको, चालकाला परवाना नको. सायकलीची थोरली बहीण मानून दिलेल्या या सवलतीचा हेतू मी वाईट म्हणणार नाही.

परंतु तिची दुसरी बाजू पाहा. विमा सक्तीचा नाही. तेव्हा धडक बसलेल्या पादचाऱ्याला भरपाई द्यायची ती त्या चालकानेच, ज्याला खोलीचे भाडे भरतानाही ओढाताण होते. दोन गरीब माणसे एकमेकांसमोर उभी राहतात आणि ज्याचा माल पोचवायचा होता तो व्यापारी नामानिराळा राहतो.

शिवाय ही रेषा रस्त्यावर पाळली जातेच असे नाही. शक्ती व वेग वाढविलेल्या गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाला मे २०२२ मध्ये मोहीम काढावी लागली. अशी गाडी मोटार वाहनच ठरते आणि विनापरवाना, विनाविमा असे सारे गुन्हे चालविणाऱ्याच्या माथी येतात. वस्तुतः मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य वाहन विकणाऱ्या उत्पादकाला व विक्रेत्याला दर वाहनामागे १ लाख रुपये दंड किंवा १ वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कारवाईचा आरंभ तेथून व्हावयास हवा.

आणि कायद्याने रस्त्यावरच थांबून भागणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईच्या रामदास नगरात घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली. भाजलेला ७ वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षेचे कडक निकष टप्प्याटप्प्याने लागू झाले, हे योग्यच झाले. पण एका खोलीत पाच माणसे राहतात, त्यांनी बॅटरी निजल्या जागेपासून दूर ठेवायची ती कोठे?

म्हणून आपल्या मागण्या तीन. धंद्यासाठी धावणाऱ्या प्रत्येक गाडीचा विमा, ती छोटी असली तरी, काम देणाऱ्याने उतरवावा. दंडाची पावती चालकाच्या हाती देण्याआधी ती गाडी कोणी विकली याचा तपास व्हावा. आणि वसई-विरार महानगरपालिकेने दाट वस्त्यांजवळ व स्थानकांबाहेर माफक दराची, देखरेखीखालची चार्जिंग केंद्रे उभारावीत. या मागण्यांसाठी वस्तीवस्तीतून सह्या गोळा करण्याचे काम आपण उद्यापासूनच हाती घेऊ या.